वाकड्या तोंडाने ‘दार लोटून जा’

आमच्या जॅझ चौकडीत चार माणसं आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘चौकडी म्हणजे नक्की किती जण?’ असं आम्हाला आजवर अकरा जणांनी विचारलंय, आणि त्यातले दोघे गणिताचे शिक्षक होते.

सॅक्सोफोन आत्या वाजवते. डबल बास, म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी धूड, बाबा वाजवतात. पियानोवर डॉक्टर, ते दातांचे डॉक्टर आहेत. ड्रम्सवर मी. लोक आम्हाला चांडाळ चौकडी म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं बाबांचं मत आहे.

यातून कोणाचंच पोट भरत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे इतरांच्या गोष्टी दिवसभर जशाच्या तशा काढून देतो. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आणि आत्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायची. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत ती एक लांब लोखंडी काठी रस्त्यावर टेकवायची, काठीच्या वरच्या टोकाला कान लावायची आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायची. तिने दाखवलेल्या जागी खणलं आणि पाणी लागलं नाही, असं एकोणतीस वर्षांत दोनदाच झालं. त्यातल्या एकदा खणणाऱ्यांनी भलताच रस्ता खणला होता. दुसऱ्या वेळेबद्दल ती बोलत नाही.

तर अशा या आत्याचं तोंड गेल्या वर्षी एका सकाळी गळायला लागलं.

ती चहा पीत होती आणि चहा डाव्या कोपऱ्यातून बशीत परत येत होता. सवयीप्रमाणे तिने आधी कप तपासला. दुसरा कप घेतला. तोही गळला. तिसऱ्या कपानंतर तिने बाबांना हाक मारली, “बाळ्या, दोष कपात नाहीये रे.”

चेहऱ्याची नस सुजली होती. नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांत बरं होईल. तीन महिन्यांनी त्यांनी सहा सांगितले. सहा महिन्यांनी त्यांनी आकडे सांगणं बंद केलं आणि ‘मन प्रसन्न ठेवा’ असं सांगितलं. त्यावरून आत्या काय ते समजली.

आता परिस्थिती अशी आहे, की चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली असते आणि उजवी दोघींचं काम करते. विशेषतः आत्या रागावली, की उजवा गाल आवळून वर चढतो आणि परक्या माणसाला वाटतं, बाई गोड हसतायत. घरच्यांना तसं वाटत नाही. ते हसू दिसलं, की आम्ही चपला शोधतो.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी एक चोच असते, ती ओठांनी चहूबाजूंनी आवळून धरावी लागते. आत्याला आता ती तीनच बाजूंनी धरता येते. चौथ्या बाजूने हवा पळते. त्यामुळे प्रत्येक सुराला एक ‘फस्स’ चिकटून येतं, स्टिकर निघाल्यावर डिंक राहावा तसं.

आता ते गाणं. ‘दार लोटून जा’ आमच्याकडे सगळ्यांना येतं. बॅलड आहे, म्हणजे संथ चालीचं, रडवेलं गाणं. गोष्ट एवढीच, की एक माणूस एका बाईला सोडून चाललाय आणि बाई म्हणते, जातोस तर जा, फक्त जाताना दार लोटून जा. आम्ही शब्द गात नाही, नुसतं वाजवतो, पण शब्द ऐकणाऱ्यांच्या डोक्यात असतातच. शेवटचा ‘जा’ सोळा ठोके लांब आहे. सोळा ठोके, एका श्वासात, हळूहळू विरत जाणारा. लोक तेवढ्या ‘जा’साठी येतात. तो ऐकून नवरा-बायकोंची भांडणं मिटल्याचं ऐकिवात आहे. एका बाईने तो ऐकून नवऱ्याला खरोखरच सोडलं होतं, पण नवरा बघितल्यावर कोणी गाण्याला दोष दिला नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या सभागृहाचं उद्घाटन झालं, तेव्हा आत्याने हे गाणं वाजवलं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. त्या मुद्रणात दुसऱ्या मिनिटाला एक मूल भोकाड पसरतं. ते मी. माझं कलाक्षेत्रातलं पदार्पण.

यंदा सभागृहाचा रौप्यमहोत्सव होता. समारोपाला ‘दार लोटून जा’ हवंच, हे सांगायलाही कोणी आलं नाही, इतकं ते ठरलेलं होतं. आत्याने सॅक्सोफोन आठ महिन्यांनी पेटीतून काढला.

सराव आम्ही रविवारी दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात करतो, पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत. तिथे एक पियानो आहे, एक माशांची टाकी आहे आणि हिरड्यांच्या रोगांचं एक रंगीत चित्र आहे, ज्याकडे पाठ करून बसायला मिळावं म्हणून बाबा लवकर येतात. पियानो डॉक्टरांनी पेशंटांची भीती जावी म्हणून घेतला होता. आपण आत दात काढत असताना बाहेर तो वाजवणार कोण, हा प्रश्न त्यांना पियानो जिन्यावरून वर आल्यावर पडला.

त्या रविवारी ‘जा’ पाच ठोक्यांत संपला. उरलेले अकरा ठोके मी नुसतेच वाजवले. मग थांबलो. टाकीतला पंप बुडबुडत होता.

“काय झालं, दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं, आणि सवयीप्रमाणे उत्तराची वाट न बघता पुढे गेले. त्यांच्या पेशंटांच्या तोंडात कायम काहीतरी असतं, त्यामुळे उत्तर ऐकायची त्यांना सवय नाही. “आपण वेग वाढवू. दुप्पट करू. सोळा ठोके आठांच्या वेळात बसतील. श्वास पुरेल.”

“कमी करू,” आत्या म्हणाली.

“काय कमी करू?”

“वेग.”

“अहो, श्वास पुरत नाहीये आणि तुम्ही आणखी—”

“तेच म्हणतेय. पुरत नाही, तर पुरत नाही हे नीट ऐकू तरी येऊ दे.” तिने रुमालाने तोंडाचा डावा कोपरा टिपला. “त्या बाईचा विचार केलायत कधी? तिचा माणूस चाललाय. एका दमात सोळा ठोके ‘जा’ म्हणेल ती? मी इतकी वर्षं असं वाजवत आले, जशी काही बाई पाणबुडी आहे. अरे, तिला म्हणायचंच नाहीये ते. ती ‘जा’ म्हणेल, अडेल. परत म्हणेल, परत अडेल. आणि तो मेला तिथेच उभा असेल.”

“दाराशी?” मी विचारलं.

“नाहीतर काय छतावर?”

बाबा म्हणाले, “बरं.” बाबा सहसा एवढंच म्हणतात. बास वाजवणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

डॉक्टरांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी कवळीच्या मटेरियलची एक छोटी वाटी बनवली, डाव्या गालाच्या आत बसवायची, म्हणजे हवा अडेल. पहिली मोठी झाली. दुसरी नेमकी बसली आणि तिसऱ्या सुराला तोंडातून सुटून माशांच्या टाकीत पडली. मासे आता तिच्या आत राहतात. तिसरी आत्याने हातातही घेतली नाही. म्हणाली, “माझ्या तोंडात मी एकटी पुरे.”

पुढच्या रविवारी सभागृहाचे सेक्रेटरी आले. त्यांचं पडद्यांचं दुकान आहे आणि सभागृहातले सगळे पडदे त्यांच्याच दुकानातले आहेत, जिथे खिडकी नाही तिथलेसुद्धा.

“मी बाहेर उभा होतो मघापासून,” ते म्हणाले. “म्हटलं, डॉक्टरांचा हवेचा कॉम्प्रेसर बंद झाला की आत जाऊ.”

कॉम्प्रेसर सुरूच नव्हता.

“ताई! कसं वाटतंय आता?” त्यांनी ओरडून विचारलं. चेहरा अर्धा झाला की कानही अर्धे होतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे.

“कान शाबूत आहेत,” आत्या म्हणाली.

“वा वा. तर मी काय म्हणतो, गाणं तर व्हायलाच हवं. लोक त्यासाठीच येणार. पण या अशा तब्येतीत तुम्हाला त्रास कशाला? आपलं जुनं रेकॉर्डिंग आहे ना! भाच्याकडून स्वच्छ करून घेतलंय. खोकले काढले, खुर्च्यांचे आवाज काढले. मध्ये एक कार्टं बोंबलत होतं, तेही काढलं.”

एखाद्याची आख्खी सुरुवातच अशी धुऊन टाकावी, हे मला लागलं.

“ते स्पीकरवर लावू,” सेक्रेटरी म्हणाले. “तुम्ही चौघं आपापल्या जागी. वाद्यं हातात. बोटं हलवायची. लांबून कोणाला काय कळतंय?”

“म्हणजे मी वाजवायचं सोंग आणायचं,” आत्या म्हणाली.

“सोंग कसलं, ताई? रेकॉर्डिंग तुमचंच. आपल्याच घरात कोणी चोरी करतं का?”

“आणि आम्हाला खरंच वाजवायचं असेल तर?” डॉक्टरांनी विचारलं, आणि या वेळी चक्क उत्तरासाठी थांबले.

“तर मग मी नुसतं रेकॉर्डिंग लावेन,” सेक्रेटरी म्हणाले. आवाज मऊ होता, मखमली पडद्यासारखा. “मंचावर एक फुलदाणी ठेवू. डॉक्टर, मीही त्या गाण्यावर जीव टाकतो. ते लोकांच्या मनात जसं आहे तसंच राहायला हवं. ताईंना कोणी हसलेलं मला चालणार नाही.”

आत्याचा उजवा गाल वर चढला.

“बघा! ताई हसल्या!” सेक्रेटरींनी टाळी वाजवली. “ठरलं तर मग.” आणि आत्याचं तोंड उघडायच्या आत ते जिना उतरूनही गेले. माणूस चांगल्या बातमीनंतर जास्त वेळ थांबत नाही.

बाबांनी एक चप्पल पायात घातली होती.

“बाळ्या, चप्पल काढ,” आत्या म्हणाली. “मी वाजवणार. मंचावर एकदा बसू तर देत आपल्याला, मग बघू फुलदाणी कुठे ठेवतात ते.”

“अक्का,” बाबा म्हणाले. ते इतकं कमी बोलतात, की त्यांना सुरुवात करायला वेळ लागतो. “लोक हसतील गं.”

“हसू देत. त्यांचं हसू पूर्ण आहे, त्यांना परवडतं.” मग तिने सॅक्सोफोन उचलला. “बाळ्या, मी सोंग आणलं ना, तर ते शेवटचं. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच. त्याच्या पुढच्या वेळी माझा फोटो. मग हा सॅक्सोफोन कशात ठेवू, सांग. छत्र्यांच्या स्टँडमध्ये?”

बाबांनी चप्पल काढली.

पण त्याच संध्याकाळी, मी ड्रम्स गाडीत चढवत असताना, ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि गाडीच्या टायरशी बोलल्यासारखं बोलले. “ते तुझे झाडू आहेत ना?”

झाडू म्हणजे ब्रश. संथ गाण्यात मी काठ्यांऐवजी तारांचे ब्रश ड्रमच्या कातड्यावर गोल फिरवतो, त्याचा ‘सूंऽ सूंऽ’ असा आवाज येतो.

“हं,” मी म्हणालो.

“जरा जोरात फिरव. तिच्या त्या फस्सच्या वेळी.”

“झाकायचं?”

“झाकायचं नाही रे. शेजारी दुसरं काहीतरी ठेवायचं.”

लिफ्ट अडकली की आतल्या माणसांशी ते याच आवाजात बोलतात. मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी करून बघितलं, आणि जमलं. तिची हवा सुटायची आणि नेमका माझा ब्रश फिरायचा, कुठलं काय ते कळायचं नाही. डॉक्टरांनी पियानोवरून अंगठा दाखवला. आत्या काही बोलली नाही. चार आठवडे ती काही बोलली नाही, आणि जी बाई चार मीटर खालचा थेंब ऐकू शकते, तिला हातभरावरचा झाडू ऐकू येत नाही, यावर आम्ही तिघांनी विश्वास ठेवला. माणूस किती मूर्ख असू शकतो, याला वयाची अट नाही. डॉक्टर एकसष्ट वर्षांचे आहेत.

कार्यक्रमपत्रक माझ्याच दुकानात छापलं गेलं. सगळ्यात खाली ओळ होती: ‘समारोप – दार लोटून जा (मूळ स्वरूपात)’. मी त्याच्या तीनशे प्रती काढल्या. जशाच्या तशा.

कार्यक्रम दुपारी चारला होता. भाषणं झाली. सभागृहाच्या पहिल्या रखवालदाराचा सत्कार झाला, त्याने माइकवर एका हरवलेल्या किल्लीबद्दल बराच वेळ सांगितलं. मग आमची पाळी आली. पडद्यामागे आत्याने आम्हाला जवळ बोलावलं.

“कोणी बोट हलवायचं नाही.”

“मग करायचं काय?” डॉक्टर म्हणाले.

“बसायचं. हातावर हात ठेवून. पेशंट बसतात तसं.”

आम्ही बसलो. पडदा सरकला. रेकॉर्डिंग सुरू झालं. डॉक्टरांचा पियानो वाजू लागला आणि डॉक्टर मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. बाबांचा बास सुरू झाला आणि बाबांनी घड्याळाचा पट्टा सैल केला. मग सॅक्सोफोन आला, ते तलम, अखंड, भोक नसलेलं सुरांचं कापड. आणि आत्या खुर्चीत बसलेली, सॅक्सोफोन मांडीवर आडवा, लेकरू झोपवल्यासारखा.

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून झटकलं आणि परत घातलं. कुजबुज सुरू झाली. बाजूच्या पडद्याआडून सेक्रेटरी आम्हाला खुणा करत होते: बोटं हलवा, बोटं. त्यांनी गाल फुगवले, दोन्ही हातांनी हवेत वाद्य धरलं आणि करून दाखवू लागले. त्या घडीला आख्ख्या सभागृहात सॅक्सोफोन वाजवणारा माणूस तेवढा एकच होता. आणि खरं सांगायचं तर बरा वाजवत होते.

दुसरं मिनिट आलं. जिथे मी रडायला हवा होतो, तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत. मला एकदम पोरकं वाटलं.

आत्याकडे बघितलं. तिने मान एका बाजूला कलती केली होती आणि डोळे मिटले होते, म्हणजे उजवा मिटला होता, डावा तिला पूर्ण मिटता येत नाही. ती काठीला कान लावायची, तशी ऐकत होती. शेवटचा ‘जा’ आला. सोळा ठोके. लोकांनी श्वास रोखला, सगळं विसरून. आणि मला दिसलं, की आत्याचा गळा हलतोय. सोळाच्या सोळा ठोके ती आतल्या आत ओढत होती.

संपलं. पाच-सहा टाळ्या पडल्या आणि आपण नक्की कोणाला टाळ्या देतोय ते न कळून थांबल्या.

आत्या उठून माइकपाशी गेली. “ही बाई छान वाजवायची,” ती म्हणाली. “तेहतीस वर्षांची होती. मी ओळखते तिला. ती आता येत नाही. आता मी वाजवते.”

“ताई!” पडद्याआडून दबका आवाज आला. “पत्रकात नाहीये!”

“पत्रकात छपाईची चूक आहे,” मी म्हणालो. मोठ्याने. “दुकान माझं आहे.”

हे कुठून आलं ते मला माहीत नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग बास उभा केला.

मी ठोके मोजले. रेकॉर्डिंगच्या निम्म्या वेगाने, म्हणजे एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत माणसाला घरची आठवण येईल. पियानो आला. बास आला. आत्याने चोच ओठांत धरली, आणि पहिला सूर आला, आणि त्याच्या बाजूने हवा. माझा हात आपोआप फिरला. सूंऽ. दुसरा सूर. सूंऽ. पहिली ओळ आम्ही अगदी अब्रूने पार पाडली. दुसरीही.

तिसऱ्या ओळीच्या मध्यात ती थांबली. चोच तोंडातून काढली आणि मागे वळली.

“ते झाडू खाली ठेव.”

माइक तिच्याशेजारीच होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“आत्या, अगं मी फक्त—”

“चार आठवडे ऐकतेय. म्हटलं, पोरगं स्वतःहून थांबेल. एकोणतीस वर्षं मी गळती शोधून काढली, आणि तू माझ्यावरच माती टाकतोयस?”

सभागृहात हशा पिकला. बाबा खाली बघत होते. “अक्का,” ते म्हणाले, “त्याला मी सांगितलं होतं.”

“ते ठाऊक आहे मला. तुझं घरी बघते.” मग मला म्हणाली, “ठेव खाली.”

मी ब्रश जमिनीवर ठेवले. तारा लाकडावर वाजल्या, तेवढाच आवाज झाला. ड्रमसमोर रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाइतका उघडा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि आता तो मीच होतो.

“मी काय करू?” मी विचारलं.

“मोज. मनात. आणि चुकू नकोस.”

तिने तिसरी ओळ पहिल्यापासून घेतली.

आता झाकायला काही नव्हतं. सूर यायचा आणि त्याच्या कडेने हवा यायची, आणि ती हवा सभागृहभर फिरायची. ओळ मधेच तुटायची, जिथे कोणी श्वास घेत नाही तिथे ती श्वास घ्यायची, मोठ्याने, जिना चढून आलेल्या माणसासारखा. थुंकी हनुवटीवर आली, तिने पुसली नाही. मधल्या एका रांगेतून कोणीतरी उठलं, खुर्ची आपटली. एक बाई शेजारणीला म्हणाली, “बघवत नाही गं.” आत्याने ते ऐकलं, कारण ती सगळंच ऐकते, आणि ती मंचाच्या आणखी पुढे आली. बघवत नसेल तर जवळून न बघवू दे.

आणि मला ते गाणं पहिल्यांदाच कळलं, म्हणजे त्यातली ती खोली दिसली. बाई दाराकडे बघत नाहीये. कशाचीतरी घडी घालतेय, बहुतेक त्याच्याच शर्टाची. मध्येच हात थांबतात.

मग ‘जा’ आला.

पहिला तुकडा चार ठोके टिकला आणि तुटला. मागून कोणीतरी टाळी वाजवली, संपलं समजून. एकच टाळी. आत्याने नुसतं त्या दिशेला पाहिलं. तो माणूस हात वेगळे करून बसला आणि ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

अशी फट पडली, की एरवी बाबा ती भरतात. बासचं कामच ते असतं. या वेळी बाबांनी तळहात तारांवर ठेवला आणि तारा बंद केल्या. डॉक्टरांनी दोन्ही हात पियानोवरून वर उचलले आणि तसेच हवेत धरले. फट फटच राहिली. मी मोजत होतो.

दुसरा तुकडा. तीन ठोके. फट.

तिसरा. त्यात सूर कमी आणि हवा जास्त होती, पण तो तिने वरच्या पट्टीत नेला, जिथे जायची काही गरज नव्हती, जिथे तेहतीस वर्षांची बाईही गेली नव्हती. तो चिरकला. तिने तो चिरकू दिला. चिरकलेला धरून ठेवला.

चौथ्या तुकड्यात सूर नव्हताच. नळीतून नुसती हवा गेली, लांब, आणि बटणं एकेक करून मिटल्याचा टकटक आवाज आला. हवा संपेपर्यंत तिने ती सोडली नाही. सोळा नव्हे, फटी धरून मी बावीस ठोके मोजले. चुकलो नाही.

तिने सॅक्सोफोन खाली घेतला.

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या असं म्हणणं खोटं ठरेल. रखवालदाराने खूप वाजवल्या. बघवत नसलेल्या बाईने नाही वाजवल्या, ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. काही जण उभे राहिले, पण ते मानवंदना द्यायला की घरी जायला, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले, “आत्ता ऐकू आलं.”

सेक्रेटरी मंचावर आले. त्यांनी माइक घेतला. त्यांचे डोळे लाल होते, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तोंडातून भाषणच बाहेर पडलं, कारण तिथे दुसरं काही कधी ठेवलेलंच नव्हतं. “मित्रहो, आपल्या लाडक्या ताईंनी, प्रकृती साथ देत नसतानाही, केवळ आपल्या सर्वांच्या प्रेमापोटी—”

आत्याने माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

“प्रकृती उत्तम आहे,” ती म्हणाली. “तोंड वाकडं आहे. आणि प्रेमापोटी नाही, मला वाजवायचं होतं म्हणून वाजवलं.”

“हो हो, तेच,” सेक्रेटरी म्हणाले. “तर मित्रहो, इथे कार्यक्रम—”

“आमची आणखी तीन गाणी आहेत.”

“ताई, समारोप झाला.”

“तो त्या बाईचा झाला.” तिचा उजवा गाल वर चढला. सेक्रेटरी आता शिकले होते. ते दोन पावलं मागे सरकले आणि पडद्यात गुंडाळले गेले.

आमच्याकडे तीन गाणी नव्हती. आम्ही या खेपेला एकच बसवलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, मी बाबांकडे. बाबा म्हणाले, “बरं.”

“मोज,” आत्या मला म्हणाली.

“कुठलं?”

“जे येईल ते. मोज तर आधी.”

मी हात उचलला. पण ती सुरू करेना. मंचाच्या कडेशी उभी राहून ती समोर बघत होती, उभ्या असलेल्यांकडे, एकेकाकडे. पहिल्या रांगेतले बसले. मधले बसले. पर्सवाली बाई पर्स मिटून बसली. दारापाशी एक गृहस्थ एक बाही कोटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत थांबले होते. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. आम्ही सगळेच बघत राहिलो. त्यांनी बाही काढली आणि मिळेल त्या खुर्चीत टेकले.

मग आत्याने श्वास घेतला. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.